पाणी बदललं आणि मासे मेले? फिशटँकच्या पाण्यातल्या या चुका टाळा

घरच्या फिशटँकबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही: "टाकी चकाचक केली, पाणी बदललं, आणि दुसऱ्या दिवशी मासे वर तरंगत होते." मग दोष जातो दुकानदाराकडे, खाद्याकडे, नाहीतर थंडीकडे. बहुतेक वेळा खरं कारण बादलीत असतं. टाकीतलं पाणी तपासणारे पुष्कळ आहेत, टाकीत ओतायचं पाणी तपासणारे फारच थोडे. माझ्या मते या छंदात मासे मरण्याचं सगळ्यात मोठं आणि सहज टाळता येणारं कारण हेच आहे.

नळाला रोज तेच पाणी येतं असं समजणं

पुण्या-ठाण्याकडच्या मोठ्या सोसायट्यांत जमिनीखालच्या टाकीत पालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होतं. एप्रिल-मे आला की टँकर वाढतात आणि नळ तोच असला तरी पाणी बदलतं. धरणाचं पाणी साधारण हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. कोकण-गोव्यात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी उलट हलकं आणि बऱ्याचदा आम्लधर्मी निघतं. म्हणून पाणी बदलण्याआधी बादलीतल्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे याचं माप; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) आणि केएच (पीएच धरून ठेवणारा साठा, त्याबद्दल पुढे) टेस्ट किटने बघा. एरवी महिन्यातून एकदा पुरे, उन्हाळ्यात मात्र दर वेळी.

बोअरच्या पाण्याची तपासणी नळ सोडल्या सोडल्या करू नका. त्यात जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे पीएच खोटा कमी दिसतो. बादलीत एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा खडा) सोडून पाणी २४ तास ठेवा, मग मोजा. सकाळी ७ दाखवणारं पाणी दुसऱ्या दिवशी ८ दाखवतं, आणि माशांना सोसावा लागतो तो हा ८.

केएच न मोजता पीएचच्या मागे लागणं

केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. पीएच जागेवर धरून ठेवतो तो हा साठा. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या मलमूत्रातल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं आणि ते केएच खात राहतं. पाणी बरेच महिने बदललं नाही, नुसती वरून भर घातली, तर एक दिवस साठा संपतो आणि पीएच कोसळतो. तो ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं आणि अमोनिया साचू लागतो.

तरीही मासे जगतात. आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि ते फारसं विषारी नसतं. मग एखाद्या रविवारी घरातलं कुणीतरी निम्मं पाणी काढतं आणि बोअरचं ताजं पाणी भरतं. पीएच ६ वरून ८ च्या आसपास पोचतो. २८ अंश तापमानाला पीएच ६ असताना विषारी अमोनियाचा वाटा हजारात एक भागही नसतो, पीएच ८ ला तो शंभरात साडेसहा होतो. म्हणजे पाणी बदलून एकूण अमोनिया निम्म्यावर आला तरी विषारी अमोनिया चाळीसपटीहून जास्त वाढला. सोमवारी मासे मरतात ते यामुळे.

अशी जुनी, दुर्लक्षित टाकी हाती आली तर घाई करू नका. खाद्य बंद ठेवा, रोज १० टक्केच पाणी बदला आणि अमोनिया उतरत चाललाय का ते मोजत राहा. अमोनिया शिल्लक असताना खायचा सोडा टाकू नका, त्याने पीएच चढतो. अमोनिया शून्यावर आल्यावर मग केएच ३-४ अंशांवर (किटवर dKH) आणा. ५० लिटर पाण्याला एक सपाट चमचा म्हणजे साधारण ६ ग्रॅम खायच्या सोड्याने केएच ४ अंशांनी वाढतो, पण तो दोन-तीन दिवसांत थोडा थोडा घाला. हळूहळू काम व्हायचं असेल तर शिंपले धुऊन जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवा.

याच्या उलटची चूक म्हणजे जड पाण्यात पीएच उतरवायचे थेंब टाकत राहणं. केएच जास्त असेल तर पीएच एक-दोन दिवसांत पुन्हा वर येतो. या चढउताराचा माशांना त्रास स्थिर ८ पेक्षा जास्त होतो. पाणी जड असेल तर गप्पी, मॉली, गोल्डफिश पाळा, ते त्यात आनंदात राहतात. हलकं पाणी लागणारे टेट्रा मासेच हवे असतील तर त्या पाण्यात आरओचं पाणी मिसळा. नुसत्या आरओच्या पाण्यात केएच जवळजवळ नसतो, त्यामुळे टाकी पूर्ण आरओने भरली तर वर सांगितलेली कोसळण्याची गोष्ट फार लवकर घडते.

पावसाळ्यात तुरटी

गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवय घराघरात आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी ती ठीकच आहे. पण तुरटी केएच खाते. धरणाच्या हलक्या पाण्यात मुळातच केएच कमी, त्यात तुरटी पडली की पीएच झपकन उतरतो आणि आम्लधर्मी पाण्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना अपाय करतं. गढूळ पाणी बादलीत निवळू द्या आणि वरचं तेवढं घ्या.

क्लोरीन "उडून जाईल" म्हणून सोडून देणं

पावसाळ्यात पालिका क्लोरीन वाढवते हेही ध्यानात असू द्या. साधं क्लोरीन उघड्या बादलीत एअर स्टोन लावून २४ तासांत निघून जातं. मूळ पाण्यात अमोनिया असेल तर मात्र क्लोरामाइन तयार होतं आणि ते बरेच दिवस टिकतं. दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे पांढरे खडे सोडियम थायोसल्फेटचे असतात. ते क्लोरीन लगेच निकामी करतात, पण क्लोरामाइन तोडल्यावर सुटणारा अमोनिया तसाच राहतो. म्हणून खडे टाकल्यावर बादलीतल्या पाण्याची अमोनिया टेस्ट करा. अमोनिया दिसला, तर त्यालाही बांधून ठेवणारा वॉटर कंडिशनर (पाण्यात टाकायचं द्रावण) वापरा. मात्रा बादलीच्या मापाने घाला, अंदाजाने नाही.

किट चुकीचं वापरणं

"माझ्या टाकीत नायट्रेट शून्यच आहे" असं कुणी म्हणालं की मी आधी बाटली नंबर २ बद्दल विचारतो. बऱ्याच लिक्विड (थेंबांच्या) टेस्ट किटमध्ये नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत तळाशी गाळ बसतो आणि रंग यायला तोच गाळ लागतो. ती बाटली निदान ३० सेकंद जोरात हलवा, तळ ओट्यावर आपटा, मग थेंब टाका. त्यानंतर नळीही मिनिटभर हलवा आणि पत्रकात दिलेली मिनिटं पूर्ण थांबून मगच रंग बघा. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर बघा. पिवळ्या बल्बखाली हिरवट आणि पिवळा यांतला फरक कळत नाही. टेस्ट स्ट्रिप वापरत असाल तर पावसाळ्यात डबी उघडी राहू देऊ नका, दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

आरओमुळे घराघरात आलेलं टीडीएस मीटर इथे फार उपयोगाचं नाही. विरघळलेले क्षार एकूण किती हे ते सांगतं. त्यात अमोनिया किती, हे त्याला कळत नाही.

फिल्टर नळाखाली धुणं

जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर राहतात. क्लोरीनच्या पाण्याखाली तो खळखळून धुतला की ते मरतात आणि टाकी पुन्हा नवी होते. नव्या टाकीत जिवाणू बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळा. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, याच कारणाने मुख्य टाकीत नको. आजारी मासा वेगळ्या टबात काढून तिथे वापरा.

नायट्राइट वाढलं आणि मासे वरच्या थरात येऊन तोंड मारू लागले, तर ताबडतोब ३० टक्के पाणी बदला आणि १०० लिटरला १० ग्रॅम साधं मीठ विरघळवून टाका. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

वीज गेल्यावर कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) काही तास बंद राहिला असेल तर तो तसाच चालू करू नका. आतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपून ते नासायला लागतं आणि बटण दाबताच सगळं थेट टाकीत येतं. डबा उघडा, आतलं पाणी ओतून द्या, टाकीतलं पाणी भरा आणि मग सुरू करा. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवरच्या एअर पंपाला जोडलेला एक छोटा स्पंज फिल्टर टाकीत कायमचा राहू द्या.