पालिका निवडणुकीची माहिती मागताना या चुका टाळा

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा माहिती अधिकाराचा अर्ज आधीच एकदा फेटाळलेला असतो. हातात एका ओळीचं उत्तर आणि तोंडात शिव्या. अर्ज वाचला की शिव्या कोणाला द्यायच्या ते मला कळतं.

'का' विचारणं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातला एक मुलगा आला होता, यंत्रमागावर काम करणारा. प्रभागरचनेत त्याची गल्ली मधोमध तुटून दोन प्रभागांत गेली होती. अडीच पानांचा अर्ज: 'गल्ली का तोडली? कोणाच्या सांगण्यावरून? हे लोकशाहीत बसतं का?' एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, प्रश्न हा माहितीच्या व्याख्येत बसत नाही. उत्तर कोरडं होतं, पण चुकीचं नव्हतं. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने कार्यालयात असलेला कागद मिळतो, साहेबाच्या मनातलं कारण मिळत नाही.

मी त्याला चार ओळी लिहायला लावल्या. या प्रभागातल्या प्रगणक गटांची (जनगणनेसाठी पाडलेल्या घरांच्या गटांची) यादी, हद्दीचा नकाशा, प्रारूप रचनेवर आलेल्या हरकती आणि त्यांवरच्या सुनावणीचा अहवाल, यांच्या प्रती द्याव्यात. पानाला दोन रुपये भरून कागद आले. नकाशावर दिसलं की जनगणनेच्या गटाची हद्दच त्या गल्लीतल्या नाल्यावरून जाते, आणि रचना करताना गट शक्यतो फोडत नाहीत. 'का'चं उत्तर न विचारता मिळालं. हरकतींच्या यादीत त्याच्या गल्लीतलं एकही नाव नव्हतं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

हरकतीच्या मुदतीत माहिती अधिकार लावणं. अर्जाला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. प्रारूप रचना असो की प्रारूप मतदार यादी, हरकतीची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. त्या दिवसांत अर्ज करत बसू नका, इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत, जा, यादी डोळ्याने बघा, हरकत लेखी द्या. पालिकेची यादी वेगळी तयार होत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. चूक बहुतेकदा फोडताना होते आणि समोरच्या घराची नावं पलीकडच्या प्रभागात जातात. मी फक्त स्वतःचं नाव शोधत नाही, सगळी गल्ली तपासतो.

दिल्लीला पाठवणं. पालिका आणि झेडपीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, भारताचा निवडणूक आयोग नाही. अर्ज राज्यातल्याच भलत्या कार्यालयात गेला, तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणं हे त्यांचं काम आहे. 'आमच्याकडे नाही' म्हणून परत केला तर कलम 6(3) दाखवा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा तयार नमुना. कृपा करून नको. त्यात बावीस मुद्दे असतात. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. पण घाई असणाऱ्याला शब्द मोजायला वेळ नसतो, 30 दिवस वाट बघायला मात्र असतो.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प विसरणं. यावर काय बोलणार!

उमेदवाराच्या मालमत्तेची माहिती अर्ज करून मागणं. शपथपत्रं निवडणुकीच्या वेळी जाहीरच केलेली असतात. तेव्हाच उतरवून ठेवा. निवडणूक खर्चाचा हिशेब मात्र निकालानंतर 30 दिवसांत द्यायचा असतो, म्हणून तो मागणारा अर्ज मी दीड महिन्याने टाकतो.

पोच न घेणं. माझी स्वतःची चूक. ओळखीचा कारकून म्हणाला, 'ठेवा काका, देतो साहेबांना.' ठेवला. पुढच्या महिन्यात कारकुनाची बदली झाली आणि आवक नोंदवहीत माझा अर्जच नव्हता. अर्जच नाही तर अपील कशावर करणार? तेव्हापासून दोन प्रती नेतो आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही. मागची रांग कुरकुरते, कुरकुरू दे. तीस दिवस उलटले की पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही काही झालं नाही तर 90 दिवसांत दुसरं अपील, माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. दोन्हीकडे आधी तोच शिक्का मारलेला कागद बघतात.