पाचावरचा उंचवटा: नमपॅडवर न बघता आकडे टाकणं

नमपॅडच्या, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या कळींच्या गटातल्या, ५ या कळीवर बारीक रेघ किंवा ठिपका असतो. मधलं बोट कायम तिथे, तर्जनी ४ वर, अनामिका ६ वर. तर्जनीने ७-४-१, मधल्या बोटाने ८-५-२, अनामिकेने ९-६-३ आणि दशांशचिन्ह दाबायचं. ० अंगठ्याचं, एंटर आणि + करंगळीचं. कळ दाबून झाली की बोट मधल्या ओळीवर परत. मोबाइलवर १-२-३ वरच्या ओळीत असतात, इथे ७-८-९, म्हणून नवख्याचा हात पहिले काही दिवस हमखास चुकतो.

बसण्यापूर्वी नम लॉकचा दिवा बघा. तो बंद असेल तर ४ आणि ६ कर्सर हलवतात आणि दशांशाची कळ डिलीटचं काम करते. एक्सेलमध्ये त्या एका टिचकीने भरलेली चौकट रिकामी होते.

बिलांचा गठ्ठा कीबोर्डच्या डावीकडे ठेवा. डावा हात पान उलटेल, चालू ओळ दाखवणारी पट्टी खाली सरकवेल आणि टॅब दाबेल. उजवा नमपॅड सोडणार नाही. एक्सेलमध्ये ओळीतल्या चौकटी टॅबने भरत गेलात तर शेवटी एंटर दाबल्यावर कर्सर खालच्या ओळीत, जिथून सुरुवात केली त्याच रकान्यात येतो. माउसला हात लावावाच लागत नाही.

सरावासाठी आधी ४५६, ६५४, ४६५. मग १४७, २५८, ३६९. शून्य आणि दशांश त्यानंतर. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण कीपॅडकडे बघायचं नाही. वेग मोजायची घाई नको. कर्मचारी निवड आयोगाच्या डेटा एंट्री ऑपरेटर पदासाठी तासाला ८,००० कळी मागितल्या जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वादोन. अडतं ते चुकांपाशी.

हात एक ओळ वर सरकला तर १,२४५ चे ४,५७८ होतात, प्रत्येक अंक तीनने मोठा. एक रकाना उजवीकडे सरकला तर २,३५६, प्रत्येक अंक एकने मोठा. फरक ३,३३३ किंवा १,१११ असा दिसला की समजा, पाचाचा उंचवटा सुटला होता. आकडा अर्ध्यात चुकल्यासारखा वाटला तर बॅकस्पेसकडे हात नेऊ नका, तिथून परत येतानाच बोटं सरकतात. डाव्या हाताने एस्केप दाबून अख्खा आकडा पुन्हा टाका.

दुसरी चूक अंकांच्या अदलाबदलीची, आणि तिला आपली भाषाही हातभार लावते. मराठीत एकं आधी बोलतात: सत्तावीस ऐकताना ‘सात’ आधी कानावर पडतो आणि बोट ७२ दाबून मोकळं होतं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचा घोळ तर वेगळाच. म्हणून कुणी आकडे वाचून दाखवत असेल तर ‘पाच-चार-सहा-तीन’ असे सुटे अंक सांगायला लावा. समोरचा कितीही वैतागला तरी.

गठ्ठ्याची बेरीज आधी कॅल्क्युलेटरवर करून ठेवा आणि नोंदी संपल्यावर ताडून बघा. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर अदलाबदल झाली असण्याची दाट शक्यता. ५,४६३ ऐवजी ५,६४३ टाकले तर फरक १८०. भागाकार २०, म्हणजे शतक-दशक स्थानांवरचे, एकमेकांपेक्षा दोनने कमीजास्त असलेले अंक उलटलेत. तेवढीच बिलं चाळायची. शून्य गळालं तरी, म्हणजे ४,५०० चे ४५० झाले तरी, फरकाला ९ ने भाग जातोच.

खाते क्रमांकांना ही बेरजेची ताडणी लागू पडत नाही, आणि एक्सेल तिथे स्वतःच घोळ घालतं: सुरुवातीचं शून्य गाळतं, पंधरा अंकांनंतरचे सगळे अंक शून्य करून टाकतं. तो रकाना पहिला आकडा टाकण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. रकाना नंतर बदलला तरी गेलेले अंक परत येत नाहीत.