आळंदीला जाताना पुणेकरांनी टाळाव्यात अशा चुका

पुण्यापासून आळंदी सुमारे 25 किलोमीटरवर आहे, पीएमपीची बस थेट जाते, आणि आपल्या बहुतेक चुका या जवळपणातूनच होतात. पंढरपूरला निघताना तिथी पाहणारा आणि मुक्कामाची चौकशी करणारा माणूस आळंदीला मात्र ‘जेवायला घरी येऊ’ असे सांगून कोणत्याही दिवशी निघतो, आणि मग बारीतच त्याची दुपार होते.

पहिली चूक नावाची. पुणे जिल्ह्यात आळंदी नावाची एकाहून अधिक गावे आहेत. माउलींची समाधी आहे ती आळंदी देवाची, खेड तालुक्यात, इंद्रायणीकाठी. दुसरी आळंदी म्हातोबाची, हवेली तालुक्यात, सोलापूर रस्त्याच्या बाजूला. मोबाइलच्या नकाशावर नुसते ‘आळंदी’ न लिहिता ‘आळंदी देवाची’ असे पूर्ण नाव लिहावे. गाडी हडपसर ओलांडून पुढे निघाली असेल, तर वाट चुकली आहे हे लगेच ओळखावे.

दुसरी चूक तिथीची. ज्ञानेश्वर महाराजांनी 1296 साली, शके 1218 मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला संजीवन समाधी घेतली, म्हणून आळंदीची कार्तिकी यात्रा वद्य पक्षात भरते, तर पंढरपूरची कार्तिकी एकादशी शुद्ध पक्षातली असते. हा फरक लक्षात न घेता शांत दर्शनाच्या आशेने निघालेली कुटुंबे ऐन यात्रेत सापडतात. पालखीच्या बाबतीतही असाच घोळ होतो. पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होते. आषाढी एकादशीला पादुका पंढरपुरात असतात, आळंदीत नव्हे. ज्यांना निवांत दर्शन हवे आहे त्यांनी एकादशी, गुरुवार आणि सुट्टीचे दिवस टाळावेत. शिवाय लग्नाचे दाट मुहूर्तही पाहावेत, कारण आळंदीत मंगल कार्यालये पुष्कळ आहेत आणि त्या दिवशी अरुंद रस्त्यांवर वाहने तासन्‌तास अडकून पडतात. नैवेद्याच्या वेळी दर्शन थोडा वेळ थांबते, म्हणून भल्या पहाटे पोहोचणे सर्वांत चांगले.

मला सर्वांत जास्त खटकते ती चूक मंदिराच्या आतली आहे. समाधीवर माथा टेकवला की दर्शन झाले असे समजून लोक भराभर बाहेर पडतात. महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. माउलींच्या पादुका पालखीत ठेवून पंढरपूरला नेण्याचा आजचा सोहळा ज्या हैबतबाबा आरफळकरांनी सुरू केला, त्यांची ही पायरी. कार्तिकी यात्रेचा आरंभ तिच्याच पूजनाने होतो. घाईत तिच्यावर पाय पडू देऊ नये, वाकून नमस्कार करूनच आत जावे. आवारातले सिद्धेश्वराचे मंदिर समाधीपेक्षाही जुने आहे, आणि तेथे न जाता परतणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. अजानवृक्षाची कथा तर प्रत्येक मराठी घरात सांगितली जावी अशी आहे: या वृक्षाची मुळी आपल्या कंठाला लागली आहे असा दृष्टान्त माउलींनी एकनाथ महाराजांना दिला, आणि नाथांनी आळंदीला येऊन ती दूर केली. त्याच नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अशा झाडाची पाने प्रसाद म्हणून ओरबाडणे ही श्रद्धा नव्हे. खाली पडलेले एखादे पान उचलावे, आणि झाडाजवळ पारायणाला बसलेल्या वाचकांच्या मधून फोटोसाठी जाऊ नये.

गर्दीच्या दिवशी आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा मार्ग वेगळा असतो, त्यामुळे चपला कुठे ठेवल्या आणि चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे हे बारीत शिरण्याआधीच ठरवावे. वृद्ध माणसांच्या खिशात घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

इंद्रायणीविषयी लिहिताना मन जड होते. पिंपरी-चिंचवडच्या बाजूने येणारे सांडपाणी आणि कारखान्यांचे रासायनिक पाणी यांमुळे अलीकडच्या वर्षांत नदीवर वारंवार पांढरा फेस दिसतो. ‘तीर्थ आहे, काही होत नाही’ असे म्हणून ते पाणी मुलांना पाजणे ही धोक्याची चूक आहे. फेस दिसला तर स्नान करू नये. घाटावरून हात जोडावेत आणि घरून आणलेल्या पाण्याने हातपाय धुवावेत. अंगाला खाज सुटली किंवा पुरळ उठले, तर स्वच्छ पाण्याने अंग धुऊन डॉक्टरांना दाखवावे. पावसाळ्यात पाणी घाटावर चढते, तेव्हा पायऱ्या उतरूच नयेत. निर्माल्य, दिवे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या नदीत सोडणाऱ्यांना मी तेथेच नम्रपणे थांबवतो, आणि बहुतेक जण ऐकतात.

दर्शनानंतर वेळ उरला, तर चांगदेवांच्या भेटीसाठी चारही भावंडांनी चालवलेली भिंत जरूर पाहावी. ती मुख्य मंदिरापासून वेगळ्या ठिकाणी आहे, म्हणून मंदिराच्या आवारात तिचा शोध घेत न बसता महाद्वाराबाहेर एखाद्या माळकऱ्याला ‘माउली, भिंतीकडे कसे जायचे?’ असे विचारावे.