परसात कृत्रिम गवताचे खेळाचे कोर्ट कसे तयार करावे

घराच्या परसात कृत्रिम गवताचे कोर्ट करायचे ठरले की लक्ष सर्वप्रथम गवताच्या नमुन्यांकडे, त्यांच्या रंगाकडे आणि मऊपणाकडे जाते. वास्तविक कोणता खेळ खेळायचा हे आधी ठरले पाहिजे, कारण जागेचे माप, पात्यांची उंची आणि पात्यांमध्ये भरायची वाळू हे सारे त्यावर अवलंबून असते. टेनिसचे दुहेरीचे कोर्ट 23.77 मीटर लांब आणि 10.97 मीटर रुंद असते आणि त्याभोवती धावायला भरपूर मोकळी जागाही लागते. त्यामुळे ते फार थोड्या परसांत मावते. बॅडमिंटनचे कोर्ट 13.40 बाय 6.10 मीटरचे असते, व्हॉलिबॉलचे 18 बाय 9 मीटरचे, तर क्रिकेटच्या सरावासाठी 20.12 मीटर लांब आणि 3.05 मीटर रुंद पट्टी पुरते. चेंडूला नीट टप्पा हवा असेल तर 10 ते 20 मिलिमीटर पात्यांचे, दाट आणि वाळू भरलेले गवत घ्यावे. फुटबॉलसाठी 40 ते 60 मिलिमीटरची पाती लागतात. बागेच्या शोभेसाठी विकले जाणारे गवत मात्र खेळाला निरुपयोगी ठरते, कारण त्यावर चेंडू मरतो आणि पाती लवकरच आडवी पडतात. केवळ पिकलबॉलच (सपाट बॅट आणि छिद्रांच्या प्लास्टिक चेंडूने खेळायचा खेळ) खेळायचा असेल, तर माझ्या मते गवताचा नाद सोडून काँक्रीटवर ॲक्रिलिकचा थर द्यावा. त्या चेंडूला कठीण पृष्ठभागच मानवतो.

पुढील मापांसाठी बॅडमिंटनएवढे कोर्ट आणि भोवतीची मोकळी जागा धरून 17 बाय 8.5 मीटरचा, म्हणजे सुमारे 145 चौरस मीटरचा चौक गृहीत धरला आहे. लांब बाजू शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट येत नाही. जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या कोठे आहेत हे खोदण्यापूर्वीच शोधून ठेवावे, तसेच बांधकामाचे स्थानिक नियमही पाहावेत. खुंट्या ठोकून दोरी बांधल्यावर चौक गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे दोन्ही कर्ण मोजून तपासावे. खेळाच्या प्रत्यक्ष रेषांचा कर्ण 14.72 मीटर भरला पाहिजे.

खरे काम यानंतर सुरू होते आणि ते जवळजवळ सगळे गवताखालचे आहे. वरची सुपीक माती, मुळे आणि गवत पूर्ण काढून सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर खोल खोदावे. उतार खडीच्या थरातून साधण्याचा प्रयत्न करू नये. तो तळाच्या मातीलाच द्यावा, म्हणजे वरचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा राहतो. शंभरास एक एवढा उतार पुरेसा असतो. तो रुंदीच्या दिशेने एकाच बाजूला काढल्यास 8.5 मीटरमध्ये 8.5 सेंटिमीटर पडतो, पाण्याला कमी अंतर कापावे लागते आणि जाळीच्या दोन्ही बाजूंचे खेळाडू समान पातळीवर राहतात. मध्ये उंच आणि कडेला खाली अशी पाठ मात्र काढू नये. खालच्या कडेला छिद्रे असलेला पाइप खडीत बसवून पाणी सुरक्षित ठिकाणी न्यावे. ते शेजाऱ्याच्या भिंतीकडे गेले तर भांडण ओढवून घेतल्यासारखे होईल.

माती दाबून घेतल्यावर त्यावर जिओटेक्सटाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे, कापड अंथरावे, म्हणजे खडी चिखलात रुतत नाही. कडेने काँक्रीटची पट्टी ओतावी आणि जाळीच्या खांबांची नळकांडी काँक्रीटमध्ये आत्ताच बसवून टाकावीत, कारण गवत अंथरल्यावर खड्डा खणणे म्हणजे केलेले काम उकरणे होय. मग टोकदार, फोडलेली खडी पसरावी. नदीतील गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून ते चालत नाहीत. दाबून 15 सेंटिमीटर जाडी हवी असेल तर सुमारे 22 घनमीटर खडी लागते आणि दाबताना ती बसते, म्हणून सैल माप जवळजवळ 27 घनमीटर धरावे. संपूर्ण खडी एकदम टाकून वरून यंत्र फिरवल्यास खालचा भाग सैल राहतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर खळगे दिसू लागतात. त्यामुळे सात-आठ सेंटिमीटरचा एकेक थर किंचित ओला करून प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट पत्र्याने थरथरत दाबणाऱ्या यंत्राने) दाबावा. शेवटी दोन-तीन सेंटिमीटर दगडाची बारीक कच पसरून ती सरळ पट्टीने ओढावी.

आता घाई टाळावी. तीन मीटरची सरळ पट्टी सर्व दिशांनी ठेवून पाहावी आणि तिच्याखाली पाच मिलिमीटरपेक्षा अधिक फट दिसली तर तेथे कच घालून किंवा खरवडून पुन्हा दाबावे. नंतर नळाने भरपूर पाणी सोडून ते कोठे साचते हे पाहावे. पातळ गवत खालचा एकही दोष झाकत नाही, उलट तो चेंडूच्या प्रत्येक टप्प्यात दाखवते.

गवताचे रोल कोरड्या दिवशी उलगडून काही तास तसेच पडू द्यावेत, म्हणजे वळ्या सुटतात. सर्व पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली असावीत. एक पट्टी उलटी लागली तरी रंगाचा फरक लांबून दिसतो. रोलच्या दोन्ही कडांची बिनपात्यांची किनार पाठीकडून कापून टाकावी आणि दोन पट्ट्या एकमेकींना भिडतील, पण एकमेकींवर चढणार नाहीत अशा बसवाव्यात. सांध्याखाली 30 सेंटिमीटर रुंद जोडपट्टी ठेवून दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद दातेरी थापीने पसरावा आणि गोंद सुकेपर्यंत सांध्यावर वजन ठेवावे. ओल असताना हे काम करू नये, हातमोजेही वापरावेत. पांढऱ्या रेषांसाठी हिरवे गवत कापून पांढरी पट्टी त्याच पद्धतीने चिकटवता येते. रंगाने आखलेल्या रेषा सोप्या असल्या तरी झिजतात.

भरणीसाठी धुतलेली, वाळवलेली, गोल कणांची सिलिका वाळू घ्यावी; बांधकामाच्या वाळूतील माती निचरा बुजवते. 15 मिलिमीटर पात्यांत 12 मिलिमीटर भरण धरल्यास चौरस मीटरला सुमारे 18 किलो, म्हणजे या चौकाला 2.6 टन वाळू लागते. तरी उत्पादकाने दिलेले प्रमाण अंतिम मानावे. वाळू पातळ थरांत टाकून प्रत्येक थरानंतर ताठ केसांच्या झाडूने पाती उभी करावीत. सिलिकाची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याने मास्क आवश्यक आहे. फुटबॉलच्या उंच गवतात रबराचे दाणे भरण्याची पद्धत आहे. परंतु हे दाणे मातीत आणि पाण्यात मिसळतात, म्हणून युरोपीय संघाने 2023 मध्ये अशा भरणीवर निर्बंध आणले आणि ऑक्टोबर 2031 पासून तिची विक्री तेथे बंद होणार आहे. घरच्या अंगणात ती टाळणेच शहाणपणाचे.

कडक उन्हात हे गवत हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, त्यामुळे भर दुपारी मुलांना अनवाणी खेळू देऊ नये. पाणी शिंपडल्याने मिळणारा गारवा फार वेळ टिकत नाही. पडलेली पाने कुजण्यापूर्वी काढावीत, कारण त्यांच्या गाळातच शेवाळ धरते. आठवड्यातून एकदा पात्यांच्या झुकावाच्या उलट दिशेने झाडू फिरवावा आणि जेथे पाय सर्वाधिक घासतात, तेथे काही महिन्यांनी थोडी वाळू पुन्हा घालावी.