‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी की निर्बंध? या चुका टाळा

‘अमेरिकेची इराणी तेल कंपन्यांना मंजुरी’. रात्री साडेअकराला, वर्तमानपत्राचं पान छपाईला सोडायच्या बेतात असताना हा मथळा नजरेला पडला. वृत्तसंस्थेच्या मूळ इंग्रजी बातमीत शब्द होता ‘सँक्शन्स’. म्हणजे निर्बंध. नेमका उलटा अर्थ छापून जाणार होता.

हा मथळा देणाऱ्या नव्या मुलाला काय बोलणार? आपल्याकडे हा शब्द भेटतो तोच मुळी मंजुरीच्या वेशात. लोन सँक्शन झालं, रजा सँक्शन झाली. विजेच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ हाही इंग्रजीत सँक्शन्ड लोडच. त्यामुळे डोक्यात एकच अर्थ पक्का बसतो.

मूळ लॅटिन क्रियापद ‘सान्किरे’. पवित्र करणे, कायम करणे, मोडता येणार नाही असं ठरवून टाकणे. ‘सेंट’ आणि ‘सँक्च्युअरी’ याच घरातले. रोमन कायद्यात ‘सान्क्तिओ’ म्हणजे कायदा मोडणाऱ्याला काय शिक्षा, हे सांगणारा भाग. एकाच शब्दात ठप्पाही आला आणि दंडुकाही. इंग्रजीने दोन्ही ठेवून घेतले, आणि भोगतो आपण अनुवादक.

पहिली चूक म्हणजे कर्म न बघता अर्थ लावणं. कर्ज, पद, रजा, प्रस्ताव सँक्शन होतो तेव्हा मंजुरी. देश, कंपनी, माणूस सँक्शन होतो तेव्हा कारवाई. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याचं प्रकरण गाजलं. न्यायाधीशांनी वकिलांना ‘सँक्शन’ केलं, म्हणजे ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. इथे ‘मंजुरी’ लिहिलंत तर खोट्या निवाड्यांना न्यायालयाचा आशीर्वाद मिळाल्यासारखं होईल!

हा नियम मात्र डोळे मिटून लावू नका. ‘सँक्शन्ड टँकर’मधला टँकर वस्तूच आहे, तरी तो निर्बंध लादलेला. अशा वेळी बोलतंय कोण ते बघा, परराष्ट्र खातं की बँक.

दुसरी चूक अनेकवचनाची. ‘सँक्शन्स’ दिसलं की निर्बंध, हे बहुतेकदा खरं. मे १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर लादले ते ‘सँक्शन्स’ निर्बंधच. पण बँकेच्या तिमाही निकालात ‘सँक्शन्स अँड डिस्बर्समेंट्स’ असतं, तिथे ‘मंजूर कर्जे आणि प्रत्यक्ष वाटप’. घरकर्ज घेणाऱ्यांनीही हा फरक लक्षात ठेवावा. सँक्शन लेटर हातात आलं म्हणजे पैसे हातात आले असं नाही, कागदपत्रांची तपासणी आणि बँकेच्या अटी अजून बाकी असतात.

सगळ्यात घातक चूक ‘स्टेट-सँक्शन्ड व्हायोलन्स’ची. याचं ‘सरकारने बंदी घातलेली हिंसा’ असं भाषांतर मी छापलेलं पाहिलं आहे. अर्थ आहे ‘सरकारच्या संमतीने झालेली हिंसा’. आरोपीच निर्दोष सुटला की! इथे ‘मंजूर’ हा शब्दही अवघडतो, ‘शासनसंमत’ बरा. रूढी-परंपरांच्या संदर्भात ‘समाजमान्य’.

सरकारी मराठीत तर प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द ठरलेला आहे. बांधकाम खात्यात ‘टेक्निकल सँक्शन’ला तांत्रिक मान्यता म्हणतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ च्या कलम १९ खाली लोकसेवकावर खटला चालवायला लागते ती मंजुरी. राष्ट्रपती विधेयकाला देतात तो ‘असेंट’, त्याला अनुमती म्हणायचं. तिथे सँक्शन आणू नका. आणि कायद्याच्या वर्गात इंग्रज कायदेतज्ज्ञ जॉन ऑस्टिन शिकताना कायदा म्हणजे सँक्शनचं पाठबळ असलेली आज्ञा, असं वाचाल तेव्हा ते पाठबळ शिक्षेच्या धाकाचं, परवानगीचं नव्हे.

उच्चाराचं थोडक्यात. सँक्शन, सेक्शन (विभाग) आणि सक्शन (शोषून घेणं) हे तीन वेगळे शब्द आहेत. ‘कर्ज सेक्शन झालं’ हे रोज कानावर पडतं; ‘सक्शन झालं’ असंही एकदा ऐकलं, पण हप्ते बघता ते अगदीच चूक म्हणवेना.