ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी कागद घ्या
जीएसटी परिषदेने 3 सप्टेंबर 2025 च्या रात्री दरबदल जाहीर केले. 12 आणि 28 टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू 5 किंवा 18 टक्क्यांत गेल्या, पण अंमल 22 तारखेपासून होता. म्हणजे हातात अडीच आठवडे होते. तरी अशा वेळी दुकानमालकाचा हात आधी स्टाफच्या ग्रुपकडेच जातो: ‘उद्यापासून सगळं बदला!’

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर आधी फोन उपडा ठेवा, चहा घ्या (खरंच घ्या) आणि कागदावर तीन रकाने आखा: काय बदललं, काय तसंच राहिलं, काय अजून कळलेलं नाही. मधला रकाना कुणी भरत नाही; पण लोकांचा जीव भांड्यात पडतो तो त्यामुळेच.

सकाळी भाषण नको. बिलिंगला बसणाऱ्याला विचारा, “तुझं कुठे अडेल?” आधीच भरलेला माल, पाकिटावरची जुनी एमआरपी, सॉफ्टवेअरमधले दर, या गोष्टी त्यालाच आधी दिसतात. तिसऱ्या रकान्यातल्या प्रश्नांना “सीएंना विचारून शनिवारी सांगतो” एवढंच उत्तर द्या. आणि उत्तर मिळालेलं नसलं, तरी शनिवारी तेवढं सांगाच.