नोंदणीकृत ऑक्युपेशनल थेरपिस्ट कसा शोधावा

पक्षाघातानंतर स्वतःच्या हाताने घास घेणे किंवा सदऱ्याची बटणे लावणे जमत नसेल, अथवा मुलाला पेन्सिल नीट धरता येत नसेल, तर डॉक्टर अनेकदा ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच व्यवसायोपचार, सुचवतात. महाराष्ट्रात शोधाची सुरुवात मोठ्या सार्वजनिक रुग्णालयापासून करणे उत्तम. मुंबईत केईएम, सायन व नायर येथे आणि नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे पदवी शिक्षण दिले जाते. तेथील विभागात उपचार तर मिळतातच, शिवाय तुमच्या गावाजवळ कोण काम करते याची चौकशीही करता येते.

नाव मिळाल्यावर नोंदणी तपासावी. २००२ च्या राज्य अधिनियमानुसार व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांच्या नोंदणीसाठी राज्यात एकच परिषद आहे, त्यामुळे केवळ ‘परिषदेकडे नोंदणी आहे’ एवढ्या उत्तरावर न थांबता ती कोणत्या शाखेची आहे हे प्रमाणपत्रावर पाहावे आणि नोंदणी क्रमांक टिपून परिषदेकडे खात्री करून घ्यावी. असे विचारण्यात संकोच नको. प्रामाणिक थेरपिस्टला त्याचा राग येत नाही. काही आठवड्यांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे भिंतीवर कितीही असली, तरी ती पदवीची जागा घेऊ शकत नाहीत.

पहिल्या भेटीत रुग्णाची दिनचर्या, घरातील न्हाणीघर, उंबरठे यांची विचारपूस झाली नाही आणि थेट वीस सत्रांचे पैसे आगाऊ मागितले गेले, तर दुसरीकडे चौकशी करावी.